शिवणीवरची गाठ: बोटांनी शोधा, बोटांनी फोडू नका

कुत्र्यांना आंघोळ घालणं आणि त्यांचे केस कापणं हा माझा गेल्या १७ वर्षांचा धंदा. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण दिवसभर ओल्या कुत्र्यांच्या अंगावरून साबणाचा हात फिरला की हाताला एक सवय लागते. कोरड्या, दाट केसांत दडलेली गाठ भिजल्यावर दडत नाही. ती तळहाताला लागते, मी नळ बंद करते, मालकाला हाक मारते आणि त्याचं बोट धरून बरोबर त्या जागी टेकवते. पुढे काय होणार ते मला पाठ झालंय. मालक गाठ दाबतो.

त्याला रागवायला मला तोंड नाही. मीही एकदा दाबली आहे, आणि तीही स्वतःच्या कुत्रीची.

गुंडी, माझी बॉक्सर. पाच महिन्यांची असताना तिच्या दोन कानांच्या अगदी मधोमध, कपाळाच्या वरच्या अंगाला, कातडीखाली मुगाएवढं काहीतरी लागायचं. कुठेतरी डोकं आपटलं असेल म्हणून मी सोडून दिलं. दीड वर्षाची होईपर्यंत त्या मुगाची गोटी झाली. गोल, गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी, अजिबात न दुखणारी. वरची कातडी एका जागी पातळ होऊन पांढुरकी दिसायला लागली होती. एका रविवारी मी ती दोन अंगठ्यांमध्ये धरून पिळली. टूथपेस्ट निघावी तशी राखाडी, घट्ट लोळी बाहेर आली. शिळ्या तेलासारखा खवट वास. आणि त्या लोळीत चार-पाच आखूड, गुंडाळी झालेले केस. गड जिंकल्यासारखं वाटलं मला. तिसऱ्या दिवशी सकाळी गुंडीचं कपाळ उशीसारखं फुगलं होतं, डावा डोळा अर्धा मिटला होता आणि ती डोक्याला हात लावू देत नव्हती.

झालं असं होतं की जेवढा माल बाहेर आला त्याहून जास्त आतल्या आत फुटला होता. पिशवी फाटून मेलेली कातडी, तेल आणि केस आजूबाजूच्या मांसात पसरले. शरीराला तो माल आपला वाटत नाही. पायात काटा मोडून राहिला की जसं ठणकतं आणि पिकतं, तसंच तिथे होतं. तीन आठवडे औषधं, मग सूज उतरल्यावर ऑपरेशन. न फुटलेली पिशवी अख्खी सोलून निघते, फुटलेलीच्या कडा शोधत बसावं लागतं, असं डॉक्टर हातमोजे काढता काढता म्हणाले. आणि जाता जाता म्हणाले, ‘ही गाठ आत्ताची नाही. ही हिच्याबरोबरच जन्माला आली आहे.’

त्या एका वाक्यामुळे मी या विषयाच्या मागे लागले.

जन्मजात म्हणजे काय

कुत्र्याच्या पाठीला शिवण असते असं समजा. आईच्या पोटात पिल्लू अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना बाहेरची कातडी आणि आतला मज्जारज्जू एकाच थरातून तयार होतात. तो थर मधोमध दुमडतो, त्याची नळी बनते, नळी आत जाते आणि वर कातडी मिटते. मग दोघांनी एकमेकांपासून सुटायचं असतं. हे सुटणं कुठे अर्धवट राहिलं, की कातडीचा एक तुकडा आत अडकतो. त्या तुकड्याला आपण आत आहोत हे कुठे ठाऊक! तो बाहेरच्या कातडीसारखंच वागत राहतो. केस उगवतो, तेल पाझरतो, मेलेल्या पेशी झडवतो. बाहेर वाट नसल्यामुळे सगळा कचरा तिथेच साठतो आणि गाठ हळूहळू फुगते. म्हणून ‘जन्मजात’ गाठ कित्येकदा जन्मानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी लक्षात येते. ‘पिल्लू आणलं तेव्हा नव्हती हो’ असं मालक शपथेवर सांगतात. असते ती, फक्त रिकामी असते.

याचे दोन प्रकार घरच्या माणसाने ओळखायला शिकावेत. पहिला, चारी बाजूंनी बंद पिशवी. तिला डर्मॉइड सिस्ट म्हणतात. गुंडीची ही. डोक्याच्या किंवा पाठीच्या मधल्या रेषेवर सापडते, आणि बॉक्सर, केरी ब्लू टेरियर, ऱ्होडेशियन रिजबॅक या जातींत जास्त दिसते. दुसरा प्रकार तोंड असलेला. कातडीवर एक बारीक छिद्र, त्यातून बहुधा केसांचा एक पुंजका डोकावतो, आणि छिद्रापासून आत एक नळी उतरते. हा डर्मॉइड सायनस. नळी कधी कातडीखालच्या मऊ भागातच संपते, कधी मणक्यांच्या काट्यांवरून जाणाऱ्या पट्ट्यापर्यंत पोचते, आणि सर्वांत वाईट म्हणजे कधी मणक्यात शिरून मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटलेली असते. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. छिद्र केवढं आहे यावरून नळी किती खोल आहे ते कळत नाही. माझ्या मते या विषयात एवढी एक गोष्ट कळली तरी पुष्कळ झालं.

एक तिसरी जागा लोकांच्या लक्षातच येत नाही: नाकाचा दांडा. तिथे मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, त्यातून एखाददुसरा केस, आणि अधूनमधून ओलावा किंवा पिवळसर थेंब. मुरुम समजून महिनोन्महिने मलम चोपडलं जातं. तीही आत नाकाच्या हाडाखाली जाणारी नळी असू शकते. एकाच जागी परत परत येणारा ‘मुरुम’ आणि तो बरोबर मध्यावर, असं दिसलं तर मलम बंद करून दाखवून आणावं.

रिजबॅकवाल्यांसाठी थोडं जास्त. त्या जातीच्या पाठीवर उलट्या केसांचा जो पट्टा असतो, त्याच्यामागे असलेला गुणसूत्रातला बदल २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सापडला. तिथे जनुकांचा एक तुकडा दुहेरी झालेला असतो, आणि त्याच बदलामुळे या सायनसचा धोकाही वाढतो. ज्या पिल्लाला हा बदल आई आणि बाप दोघांकडून मिळतो त्याला धोका जास्त. पण सायनस शोधायला लोक तो पट्टाच चाचपतात, तिथेच चुकतात. तो बहुधा पट्ट्याच्या पुढे मानेवर, नाहीतर मागे शेपटीच्या मुळाशी असतो. आणि हे फक्त रिजबॅकचं दुखणं नाही. शित्झू, हस्की, बॉक्सर, यॉर्कशायर टेरियर यांच्यातही नोंदलं गेलंय, मिश्र जातीच्या कुत्र्यांतही.

हात कसा फिरवायचा

कुत्रा दमलेला असावा, तुम्ही घाईत नसावं. खेळून आल्यावर अर्ध्या तासाने बरं. आंघोळीच्या वेळी जमत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ओले केस अंगाला चिकटतात. नखं कापलेली हवीत आणि अंगठी काढलेली.

आधी कुशीवरची कातडी चिमटीत धरा. अंगठा एका बाजूला, पहिली दोन बोटं दुसऱ्या बाजूला, आणि कातडीची घडी थोडी वर उचलून बोटांमध्ये घोळवा, जशी वात वळतो तशी. निरोगी कातडी दोन थर एकमेकांवर सरकावेत तशी निसटते. मध्ये काही लागत नाही. हा स्पर्श बोटांत बसू द्या. कुशीवर शिकायचं आणि मग पाठीवर जायचं, कारण ‘काही नाही’ कसं लागतं हे ठाऊक नसेल तर ‘काहीतरी’ कळणार नाही.

आता कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून सुरुवात. मधल्या रेषेवरची कातडी उचला, घोळवा, बोटभर पुढे सरका, परत उचला. मानेवर घाई करू नका. तिथे कातडी सैल आणि जाड असते, नळी असली तर ती दोरीसारखी लागते: कातडीला वरून बांधलेली, खाली मणक्याकडे जाणारी. कातडी उचलताना त्या जागी ती खाली ओढली गेल्यासारखी वाटते, छोटी खळी पडते. ही खळी माझ्या बोटांनी आजवर मोजक्याच वेळा पाहिली आहे, पण एकदा पाहिली की विसरत नाही. खांद्यांपासून कमरेपर्यंत जरा भराभर गेलात तरी चालेल. कमरेच्या खाली, शेपटीच्या मुळाशी परत सावकाश. शेवटी डोक्याचा माथा, दोन कानांमधली जागा, आणि नाकाचा दांडा.

मग डोळ्यांनी. केस पाण्याने चपटे करून मधल्या रेषेवर भांग पाडत जा आणि टॉर्च तिरपा धरा. सरळ प्रकाशात छिद्र दिसत नाही, तिरप्या प्रकाशात त्याची सावली दिसते. माझ्याकडे ब्लोअर आहे, त्याची हवा कमी ठेवून मारली की केस गोल फाकतात आणि कातडी उघडी पडते. घरी हेअर ड्रायर थंड हवेवर वापरता येईल, पण कुत्रा घाबरत असेल तर नको. शोधायचं काय? केसांचा एखादा भोवरा जो दुसऱ्या बाजूला तसाच नाही, मध्यावर उगवलेला रंगाने किंवा पोताने वेगळा पुंजका, एखाद्या ठिकाणी एकत्र गुंफून कडक झालेले केस, सुकलेल्या स्रावाची पिवळी खपली.

पिल्लांमध्ये हे काम जन्मानंतर पहिल्या दिवसांतच करता येतं. केस अगदी आखूड असतात, कातडी पातळ असते. ब्रीडरने एकदा तपासलं म्हणून सोडू नका, सहाव्या-आठव्या आठवड्यात परत तपासा. बारीक नळी लहान पिल्लात निसटून जाते.

आणि जे सापडेल त्याला लगेच गाठ म्हणू नका. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात. ‘ताई, पोटावर रांगेत गाठी आल्यात’ म्हणून धावत आलेला एक तरुण मालक मला आठवतो. आठ गाठी, दोन रांगा, एकसारखं अंतर. तो लाजला, मी हसले नाही (तो गेल्यावर हसले). खांद्यांच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं कडक काही लागलं तर ती ओळखीसाठी कातडीखाली टोचलेली मायक्रोचिप असू शकते. लस टोचल्यावर तिथे काही दिवस छोटी गाठ राहते आणि विरते. रक्त पिऊन फुगलेली गोचीड अगदी राखाडी मसासारखी दिसते. तिला टॉर्चखाली पाय दिसतात का पाहा. तरुण कुत्र्यांना बटणासारखी लालसर, बिनकेसाची गाठ येते, हिस्टिओसायटोमा, तीही पुष्कळदा दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते.

मोठ्या वयात कुठेही, कुशीवर, मांडीवर, पाठीच्या एका अंगाला, कातडीत घट्ट बसलेली आणि आत राखाडी लगदा असलेली जी गाठ येते ती बहुतेक वेळा केसाच्या मुळाची सिस्ट. ‘सेबेशिअस सिस्ट’ हे तिचं लाडकं पण चुकीचं नाव, कारण आत तेल नसून मुख्यतः केराटिन असतं, नखं-केस ज्याचे बनतात ते. ती जन्मजात नसते. तिलाही न पिळायचा नियम तोच.

मग फरक कशाने करायचा? हाताने होत नाही. हे मी १७ वर्षांच्या हातांनी सांगते. मऊ, हलणारी, ‘नक्की चरबीचीच’ म्हणून मी मनात शिक्का मारलेली एक गाठ मास्ट सेलचा (अॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींचा) कॅन्सर निघाली. बॉक्सर जातीत हा कॅन्सर जास्त, म्हणजे गुंडीच्या बाबतीत मी केवढा जुगार खेळले होते ते मला नंतर कळलं. या कॅन्सरची गाठ दाबली, चोळली तर पेशींमधून हिस्टामिन नावाचं द्रव्य सुटतं आणि आजूबाजूला लाली, सूज येते. आज मोठी, उद्या लहान दिसणारी गाठ म्हणूनच संशयाची. हाताचं काम शोधणं आणि जागा सांगणं एवढंच.

जागा मात्र नीट सांगा. मी कागदावर वरून दिसणाऱ्या कुत्र्याचं चित्र काढते, म्हणजे एक लंबगोल, दोन कान, शेपूट, आणि मधून एक रेघ. त्यावर फुली मारते. शेजारी तारीख, मापपट्टीने मिलिमीटरमध्ये आकार, कातडीबरोबर सरकते की खाली चिकटलेली आहे, वर छिद्र आहे का, ओलं आहे का, दुखतं का. मापपट्टी शेजारी ठेवूनच फोटो काढा. ‘एवढीशी होती’ असं म्हणून बोटांनी दाखवलेल्या मापावर डॉक्टर काय करणार?

करायचं नाही ते

पिळायचं नाही, झालं सांगून.

छिद्रात काही घालायचं नाही. कापसाची काडी, बोथट सुई, सिरिंजने मीठ-पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड, काहीही. नळी मणक्यापर्यंत गेलेली असेल तर तुम्ही बाहेरचे जंतू थेट मज्जारज्जूच्या दारात नेऊन सोडता. डोकावणारा पुंजका चिमट्याने उपटायचा नाही. तो केस नळीच्या भिंतीतून उगवलेला असतो, उपटला की आत जखम होते आणि पुन्हा उगवतोच. आमच्या धंद्यातल्या लोकांनाही सांगते, कात्रीने वरचं टोक छाटलं तरी पुरे, आणि मशीनचं पातं त्या जागेवरून फिरवू नका. उंचवट्याचा वरचा पापुद्रा पात्याने उडाला की पिशवी उघडी पडते. कुत्रा ग्रूमिंगला देताना मालकाने फुली मारलेला तो कागद दाखवला तर मला त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

माणसांची मलमं नकोत. कुत्रा चाटतो, नाहीतर घरातला दुसरा कुत्रा त्याला चाटतो. सोरायसिससाठी वापरलं जाणारं कॅल्सिपोट्रिऑल आणि त्वचेच्या कॅन्सरसाठी वापरलं जाणारं फ्लुरोयुरॅसिल ही दोन मलमं थोडी पोटात गेली तरी कुत्र्याच्या जिवावर बेततात. दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉलही मनाने देऊ नका. उरलेली अँटिबायोटिकची पट्टी तर नकोच. तिने स्राव आठवडाभर सुकतो, तुम्हाला बरं झाल्यासारखं वाटतं, आणि पिशवी तशीच राहिल्यामुळे महिन्याभराने तेच.

कधी थांबायचं, कधी धावायचं

छिद्र नसलेली, न दुखणारी, न वाढणारी छोटी गाठ असेल तर येत्या काही दिवसांत वेळ घेऊन दाखवा. मध्यावरचं छिद्र किंवा दोरी लागली तर लक्षण नसलं तरी त्याच आठवड्यात. गाठ गरम, लाल, ठणकणारी झाली किंवा फुटली तर त्याच दिवशी. फुटलेल्या गाठीवर स्वच्छ कापड हलकेच ठेवा, कुत्र्याला चाटू देऊ नका, आत काही राहिलं असेल म्हणून पिळू नका, निघा.

आणि मध्यावर छिद्र असलेल्या कुत्र्याची मान ताठ झाली, मान खाली घालून खायला तयार नाही, उचललं की किंचाळतो, मागचे पाय लटपटतात, पंजा उलटा पडतो, लघवी-शी कळेनाशी झाली, किंवा ताप आला (कुत्र्याचं साधारण तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, आपल्या हाताला तो नेहमीच गरम लागतो, म्हणून थर्मामीटरनेच बघा), तर रात्र असो की पहाट, थांबायचं नाही. संसर्ग मणक्यात उतरल्याची ती खूण असू शकते.

डॉक्टरकडे काय होतं

बंद गाठीत बारीक सुई टाकून थोडा माल काढतात आणि काचपट्टीवर बघतात. सिस्ट असेल तर केराटिन, मेलेल्या पेशी, कधी कोलेस्टेरॉलचे स्फटिक दिसतात. मिनिटभराचं काम, बहुतेक वेळा भूलही लागत नाही. पण मध्यावरच्या, खाली चिकटलेल्या किंवा छिद्र असलेल्या गाठीत सुई घालायच्या आधी ‘ही खोल जाणारी असू शकते का?’ हा प्रश्न तुम्ही तोंडाने विचारा. गर्दीच्या वेळी, केसांच्या जंगलात, डॉक्टरचंही छिद्र हुकतं. एका पिल्लाच्या मानेवरची अशी जागा आधी ‘साधा फोड’ म्हणून चिरली गेली होती. दोन महिने ती वाहत राहिली.

नळी किती खोल हे बघायला सीटी किंवा एमआरआय लागतो. मज्जारज्जूशी नातं आहे का ते एमआरआयमध्ये चांगलं दिसतं. खर्चाचं काम आहे, नाही म्हणत नाही. पण ऑपरेशन अर्ध्यावर आल्यावर नळी मणक्यात शिरलेली सापडणं याच्याइतकी वाईट वेळ नाही, कारण तिथे मणक्याचं हाड उघडणारा सर्जन लागतो. म्हणून आधी विचारायचं: नळी मणक्यात गेलेली निघाली तर तुम्ही पुढे जाल की दुसरीकडे पाठवाल? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

उपाय एकच, अख्खी पिशवी किंवा अख्खी नळी काढणं. अस्तराचा तुकडा मागे राहिला की गाठ परत येते. काही डॉक्टर कोरड्या, वरवरच्या, त्रास नसलेल्या गाठीवर नजर ठेवून थांबतात, आणि स्कॅन बघून घेतलेला तो निर्णय ठीकच आहे. पिकलेल्या गाठीचं ऑपरेशन मात्र शक्यतो संसर्ग ताब्यात आल्यावर. काढलेला भाग फॉर्मलिनमध्ये घालून तपासायला पाठवलात का, हेही विचारा. कधी कधी पैसे वाचवायला मालकच नको म्हणतात. गाठ कसली होती ते कायमचं कळण्याची ती एकच संधी असते.

टाक्यांचे दिवस

साधारण १० ते १४ दिवस. या दिवसांत कुत्रा तुमच्यावर रुसणार आहे.

कोन, तो लॅम्पशेडसारखा, काढायचा नाही. ‘मी समोर बसलेय ना’ म्हणून मी गुंडीचा काढला आणि फोन घ्यायला आत गेले. परत आले तर ती टेबलाच्या पायाला कपाळ घासत होती, दोन टाके मोकळे. डोक्यावरच्या जखमेला कुत्रा चाटू शकत नाही, पण मागच्या पायाने खाजवतो आणि घासतो, हे मला सुचलंच नव्हतं. मागच्या पायांची नखं ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच कापून घ्या. कोनाची कड नाकाच्या टोकापेक्षा दोन बोटं पुढे हवी. खायची भांडी उंचावर ठेवा, कोन जमिनीला अडकतो.

मानेवर टाके असतील तर गळ्यातला पट्टा बंद आणि हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, चालू. टाके खांद्यांमध्ये किंवा पाठीवर असतील तर उलट, हार्नेसची पट्टी जखमेवर घासते. दोन्ही घालून बघायचं ते ऑपरेशनच्या आधी. नंतर दुखऱ्या कुत्र्यावर प्रयोग नकोत.

पाठीवरच्या आणि मानेवरच्या ऑपरेशननंतर कातडीखाली पाणी जमून मऊ, लपलपीत फुगवटा येतो. सेरोमा. नळी काढल्यावर आत पोकळी राहते आणि कुत्रा मान हलवत राहतो, त्यामुळे हा इथे नेहमीचा पाहुणा आहे. गरम नसेल, दुखत नसेल, लाल नसेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांना फोटो पाठवा आणि स्वतः सुई टोचून पाणी काढायला जाऊ नका. उड्या, जिने, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती बंद. आंघोळ टाके निघून जखम पूर्ण मिटेपर्यंत नाही, माझ्याकडे तर नाहीच, मी परत पाठवते.

पिल्लं घेणाऱ्यांसाठी, देणाऱ्यांसाठी

सायनस असलेल्या कुत्र्याची पैदास करायची नाही, ऑपरेशन झालं असलं तरी नाही. ऑपरेशनने नळी जाते, रक्तातलं जात नाही. ज्या जोडीला असं पिल्लू झालं तीच जोडी पुन्हा लावू नये. पिल्लांत हा दोष येऊ नये म्हणून गाभण कुत्रीला फॉलिक अॅसिड (एक जीवनसत्त्व) देण्याची पद्धत रिजबॅकवाल्यांत आहे. द्यायचं तर डॉक्टरला विचारून द्या, पण ‘फॉलिक दिलंय’ हे सदोष जोडी लावण्याचं कारण होऊ शकत नाही. पिल्लू घेताना पैसे देण्याआधी, सगळ्यांच्या समोर, त्याच्या मानेची कातडी उचलून घोळवून बघा. ज्याला याचं वाईट वाटतं त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका. आणि सापडलंच, तर असं पिल्लू टाकून देण्यासारखं नसतं. नळी वरवरची असली तर ऑपरेशननंतर ते चारचौघांसारखं जगतं.

मघाशी ज्याचा ‘साधा फोड’ चिरला गेला म्हटलं, ते पिल्लू रिजबॅक, नाव डंका. पहिल्या आंघोळीला आला तेव्हा साडेचार महिन्यांचा होता. मानेवर, उलट्या केसांचा पट्टा सुरू होतो त्याच्या चार बोटं पुढे, केस गुंफून कडक झालेले. कोमट पाण्याने ते सुटले तशी खाली छिद्र दिसलं, आणि कातडी उचलली तर ती दोरी. मी त्याला तसाच अर्धा ओला टॉवेलात गुंडाळून मालकिणीच्या हातात दिला आणि शाम्पूचे पैसे घेतले नाहीत. एमआरआयमध्ये नळी मणक्याच्या बाहेरच थांबलेली दिसली. आता तो तीन वर्षांचा आहे. मानेवर बोटभर लांबीची बिनकेसाची रेघ आहे, आणि ओला झाला की मी अजूनही तिथली कातडी चिमटीत घेते. दोन थर एकमेकांवरून निसटतात. डंका मान वळवून माझं मनगट चाटतो आणि साबण थुंकतो.